थारची चाकं केळीच्या काट्यावर तोलली: मोठ्या टायरचं वजन नेमकं कुठं भोवतं?

सुकीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

रावेर तालुक्यात सुकी नदीच्या अंगाला आमची केळी आहे. घरापासून मळा अडीच किलोमीटर, त्यातलं शेवटचं दीड किलोमीटर निव्वळ काळी माती. पावसाळ्यात तिथं मोटारसायकल जात नाही, म्हणून थार घेतली. डिझेल, फोर बाय फोर, १६ इंची लोखंडी रिमवाली. कंपनीचे टायर २४५/७५ आर१६.

मागच्या पावसाळ्याआधी टायर बदलायचे ठरवले. कारण दोन. एक, केळीची खोडं आणि शेजारच्या वावरातले पऱ्हाटीचे खुंट. पऱ्हाटी तिरपी कापलेली असली की खुंट खिळ्यासारखा उभा राहतो आणि टायरच्या बगलेत घुसतो. दोन टायर असेच गेले. दुसरं कारण, चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, घासायचा. दुकानदार म्हणाला, २८५/७५ आर१६ टाका, सोबत रुंद रिम. टाकले. गाडी दिसायला झकास झाली, गावात दहा जणांनी थांबवून विचारलं.

पण पहिल्याच दिवशी जाणवलं की गाडी जड झाली. रावेरहून पालकडे चढाला जिथं तिसरा गिअर आरामात ओढायचा, तिथं दुसरा टाकावा लागू लागला. ब्रेकवर पाय जास्त दाबावा लागतो. कच्च्या रस्त्यावर पुढचं चाक खड्ड्यात धप्प आपटतं, आधी ते खड्ड्यावरून निघून जायचं. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, ते वेगळंच.

जुने टायर रिमसकट गोठ्यात पडले होते. केळी मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा घरचाच. मग एका रविवारी सगळं खोलून तोललं.

जुनं चाक: टायर १७.१ किलो, रिम १२.५, एकूण २९.६.
नवं चाक: टायर २६.३ किलो, रिम १४.१, एकूण ४०.४.

म्हणजे एका चाकामागे १०.८ किलो. स्टेपनी धरून पाच चाकांचे ५४ किलो. मला वाटलं होतं तीन-चार किलोचा फरक असेल. दुकानात टायरची इंचं सांगितली जातात, पट्टे सांगितले जातात, किंमत तर सांगतातच. वजन कोणी सांगत नाही आणि मीही विचारलं नाही.

उंचीचा हिशोबही घरीच केला. टायरवरच्या आकड्यांतून तो निघतो. २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बगलेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, १६ हा रिमचा व्यास इंचात. जुन्याचा पूर्ण व्यास आला ७७४ मिमी, नव्याचा ८३४. फरक ६० मिमी. पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे ३० मिमी, दीड बोटभर. तेवढ्यासाठी ५४ किलो.

माझा प्रश्न असा. हे वजन गाडीत एक माणूस जास्त बसल्यासारखंच आहे, की चाकात असल्यामुळे जास्त लागतं? मी वाचलं की चाकातला एक किलो गाडीतल्या दहा किलोबरोबर. हे खरं का?

---

लळिंगवारा

दहा किलोबरोबर, शंभर टक्के खरं. माझ्या मित्राच्या गाडीत स्वतः अनुभवलंय.

---

धुळे_मिस्तरी

सुकीकाठ भाऊ, काट्यावर तोलून दाखवलं ते फार बरं केलं. माझ्याकडे गाड्या येतात त्या नेमक्या याच तक्रारी घेऊन, पण वजन कोणी सांगत नाही.

गॅरेजमध्ये जे दिसतं ते सांगतो. मोठे जड टायर टाकलेल्या गाडीचं पहिलं जातं ते बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, म्हणजे पुढच्या चाकाचे आणि स्टिअरिंगचे सांधे. मग पुढचे बेअरिंग. त्यानंतर शॉकअप. याचं कारण साधं आहे. गाडीचं वजन दोन भागांत असतं. स्प्रिंगच्या वरचं, म्हणजे बॉडी, इंजिन, माणसं, सामान. आणि स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे चाक, टायर, ब्रेक, मागचा आख्खा अ‍ॅक्सल. वरच्या वजनाला स्प्रिंग सांभाळते. खालच्या वजनाला सांभाळायला कोणी नाही. खड्डा आला की चाक वर फेकलं जातं, त्याला परत जमिनीवर आणून थांबवायचं काम स्प्रिंग आणि शॉकअपचं. ते २९ किलोच्या चाकासाठी बनवलेत, तुम्ही ४० किलोचं दिलंय. म्हणून धप्प आवाज येतो, आणि चाक जमिनीवरून जास्त वेळ सुटतं. सुटलेल्या चाकाला पकड कुठली?

रुंद रिमचं आणखी एक आहे. तिचा ऑफसेट कमी असतो, म्हणजे चाक बाहेरच्या अंगाला सरकतं. बादली अंगाजवळ धरा आणि हात लांब करून धरा, तसाच फरक बेअरिंगला पडतो. स्टिअरिंगलाही झटके जास्त येतात.

दहा किलोचं गणित मला येत नाही. ते कोणी शिकलेल्यानं सांगावं.

---

अमळनेर_भौतिकी

मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे या दहा किलोच्या गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही गोष्ट खोटी आहे. लळिंगवारा, राग मानू नका. तुमच्या मित्राच्या गाडीत जाणवलं ते खरं असेल, पण त्याचं कारण दुसरं आहे.

विहिरीवरची जुनी ऑइल इंजिनं आठवा. हँडल मारून सुरू करायला घाम फुटायचा. त्याच्या जड चाकाचं बहुतेक लोखंड कडेला असतं. तेच लोखंड मधल्या दांड्यापाशी असतं तर पोराने फिरवलं असतं. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं ते फिरवणं अवघड आणि फिरायला लागल्यावर थांबवणंही अवघड.

गाडीचं चाक दोन कामं एकदम करतं. गाडीबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतं. एक किलो जर अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला असेल, तर पुढे जाण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते तेवढीच पुन्हा फिरण्यासाठी लागते. म्हणजे तो एक किलो दोन किलोसारखा वागतो. दोन ही कमाल मर्यादा. त्याच्या वर जाता येत नाही, कारण कडेपेक्षा बाहेर चाकात काही नसतं. हबजवळचा, म्हणजे चाकाच्या मध्याजवळचा, किलो एकाला जेमतेम जास्त. रिमचा साधारण दीडच्या आत. टायरचा पावणेदोनच्या आसपास, कारण त्याचा जाड पट्टा कडेलाच असतो.

कोणी म्हणेल, मोठ्या चाकात वजन आणखी लांब गेलं, मग दोनाच्या वर जाईलच. नाही. चाक मोठं झालं की त्याच वेगाला ते हळू फिरतं. लांब गेल्याचा तोटा आणि हळू फिरल्याचा फायदा एकमेकांना बरोबर फेडतात.

आता सुकीकाठ यांचे आकडे घेऊ. टायरचे जास्तीचे ९.२ किलो गुणिले १.७५ म्हणजे १६ किलो. रिमचे १.६ गुणिले १.४ म्हणजे सव्वादोन. एका चाकामागे साधारण १८ किलो, चार चाकांचे ७३. स्टेपनी फिरत नाही, तिचे १०.८ तसेच. एकूण ८४ किलो. गाडी पावणेदोन टनाच्या आसपास, म्हणजे पाच टक्क्यांहून जरा कमी. गाडीत एक धडधाकट माणूस वाढला, एवढंच. आणि तेही वेग वाढवताना किंवा कमी करताना. एकाच वेगाने जाताना फिरण्याचा हा हिशोब लागतच नाही.

मग तिसऱ्या गिअरला चढ का चढेना? व्यास ७७४ वरून ८३४ झाला, म्हणजे पावणेआठ टक्क्यांनी वाढला. इंजिनची ओढ चाकाच्या मध्याला मिळते आणि जमिनीला ती त्रिज्येने भागून पोचते. त्रिज्या पावणेआठ टक्क्यांनी वाढली तर जमिनीवरची ओढ सात टक्क्यांहून थोडी जास्त घटली. सगळे गिअर एकदम उंच झाले. ब्रेकचंही तेच, तेवढ्याच दाबाला जमिनीवर रोख कमी. तुमची गाडी मंद झाली त्यात वजनापेक्षा व्यासाचा वाटा मोठा आहे. वजनाचं खरं नुकसान मिस्तरींनी सांगितलं तिथं आहे, स्प्रिंगच्या खाली.

---

सुकीकाठ

सर, हे वाचून मी दोनदा कागदावर मांडून बघितलं. बरोबर आहे. आजवर सगळा दोष वजनाला देत होतो.

यातून आणखी एक कोडं सुटलं. अ‍ॅव्हरेज १२ वरून १०.८ वर आलं म्हणून मी हळहळत होतो. पण चाक मोठं झाल्यावर मीटर कमी किलोमीटर दाखवणार ना? हायवेवर दगड मोजून खात्री केली. दहा किलोमीटरच्या दगडांत मीटर ९.३ दाखवतं. मग खरं अ‍ॅव्हरेज १०.८ नाही, ११.६ आहे. आणि स्पीडोमीटरवर १०० दिसत असताना गाडी आधीपेक्षा सात-आठने जास्त पळत असते, हेही लक्षात ठेवायला पाहिजे.

---

गिरणाथडी

मी शेतकरी, गाडीतलं फार कळत नाही, पण एक शंका आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात आपण मुद्दाम पाणी भरतो, वरून बिडाची वजनं लावतो. वजन वाढलं की पकड वाढते, नांगर ओढला जातो. मग जीपला जड चाक वाईट कसं?

---

अमळनेर_भौतिकी

उत्तम प्रश्न. पकड ही चाकावर किती भार आहे यावर ठरते, हे तुमचं खरंच आहे. पण ट्रॅक्टर नांगरताना माणसाच्या चालीने जातो आणि त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलला स्प्रिंग नसते. चाक उडण्याचा प्रश्न येत नाही, वेग बदलण्याचाही नाही. काम फक्त ओढण्याचं. जीप त्याच रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने जाते, मग हायवेला ९० ने. शिवाय जीपला मागे नांगर नाही. स्वतःला ओढण्यापुरता भार तिच्यावर आधीच आहे.

---

धुळे_मिस्तरी

आणि पाणी भरलेला ट्रॅक्टर रोडला जोरात पळवला की कसा उसळतो ते बघितलंच असेल सगळ्यांनी.

---

पाटणादेवी_जिम्नी

चाळीसगावहून. जिम्नीवाल्यांसाठी सांगतो. कंपनीचा टायर १९५/८० आर१५, गाडी जेमतेम १२०० किलोची, इंजिन दीड लिटरचं. बघून बघून सगळ्यांना २३५/७५ आर१५ टाकावासा वाटतो. मी २१५/७५ वर थांबलो. व्यास फक्त १० मिमी वाढला, दर चाकाला वजन साधारण तीन किलोने. तरीही फरक कळला. थारला दहा किलो म्हणजे जे, ते या हलक्या गाडीला सहा-सात किलोतच होतं. स्टेपनी मागच्या दारावर आहे, ती जड झाली की दाराच्या बिजागऱ्या खडखडायला लागतात. थारचंही तेच असणार.

---

अक्राणी_ताई

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण स्टेपनीचा विषय निघाला.

मी आरोग्याच्या कामासाठी धडगाव आणि मोलगी भागात फिरते. गाडी जुनी, फोर बाय फोर, बहुतेक वेळा मी एकटीच असते. गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिला मोठे टायर बसवलेले होते. पावसाळ्यात चांदसैली घाटात संध्याकाळी टायर फाटला. जॅक लावला, नट सोडले, फाटलेलं चाक काढलं. नवं चाक मागच्या दारावरून खाली घेताना ते सुटलं आणि पायाच्या बाजूला पडलं. बोटभर अंतराने पाय वाचला. मग ते उचलून बोल्टावर बसवायचं होतं. माझं वजन ५२ किलो. चाक किती किलोचं होतं ते आज सुकीकाठ दादांच्या आकड्यांवरून कळलं. अर्धा तास मी त्याच्याशी झगडले. शेवटी खालच्या पाड्यावरून दोन भाऊ आले, त्यांनी बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाने युक्ती शिकवली, ती सगळ्यांसाठी लिहिते. चाक उचलायचंच नाही. गाडी जॅकवर एवढीच वर घ्यायची की चाक जमिनीवरून घसटत बोल्टासमोर येईल. मग टायरच्या खाली पहार आडवी घालायची, तिच्याखाली लहान दगड, आणि पहारीचं टोक पायाने दाबायचं. चाक बोटभर वर येतं, दोन्ही हात मोकळे राहतात, भोक बोल्टाला लावता येतं. तेव्हापासून गाडीत पहार असतेच.

पण मला एवढंच सांगायचंय की टायर निवडताना तो रानात, रात्री, पावसात बदलणारा माणूस कोण आहे हेही बघा. घरात बायका, म्हातारी माणसं गाडी चालवत असतील तर त्यांना एकदा स्टेपनी उतरवायला लावा. दुकानात चार जण असतात, तिथं कळत नाही.

---

सुकीकाठ

ताई, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझी मुलगी फैजपूरला कॉलेजला जाते, आठवड्यातून दोनदा गाडी नेते. काल तिला स्टेपनी उतरवायला सांगितली. दारावरून खाली आणता आली, परत लावता आली नाही.

---

तापीचा_गाळ

सगळं बरोबर, पण चिखलाचं काय? सुकीकाठ यांनी टायर टाकले चिखलासाठी. माझं मत, रुंद टायर काळ्या मातीत उपयोगाचाच नाही. अरुंद टायर चिखल कापून खाली टणक थराला लागतो. जुन्या जीपा बघा, सायकलसारख्या टायरवर कुठंही जायच्या.

---

धुळे_मिस्तरी

तुमचं म्हणणं साक्री, पिंपळनेरकडे लागू पडतं. तिथं वीतभर चिखलाखाली मुरूम लागतो, अरुंद टायर खाली जाऊन पकडतो. तापीकाठच्या मातीला तळ कुठंय? पुरुषभर खोल काळीच. तिथं अरुंद टायर खालीच जात राहतो, गाडी पोटावर बसते.

---

तापीचा_गाळ

मान्य. आमच्या सावद्याकडे विहीर खणताना बघितलंय, काळी संपता संपत नाही. पण मग रुंदी वाढवण्यापेक्षा हवा कमी केली तर? नदीच्या वाळूत मी ३२ वरून १८ वर आणतो. टायर लांबीला पसरतो, त्याच टायरचा पाय मोठा होतो. त्याला एक ग्रॅमही वजन लागत नाही.

---

अमळनेर_भौतिकी

आणि हवा कमी करण्यासाठी बगल उंच पाहिजे. म्हणून १६ इंची रिमवर उंच बगलेचा टायर हा १८ इंची रिमवरच्या आखूड बगलेच्या टायरपेक्षा मातीत बरा, बाहेरचा व्यास जवळपास सारखा असला तरी. थारच्याच वरच्या मॉडेलला २५५/६५ आर१८ येतो. त्याचा व्यास ७८९ मिमी, पण बगल १६६ मिमी. सुकीकाठ यांच्या जुन्या टायरची बगल १८४ मिमी. खालचं मॉडेल घेतलेल्यांनी हळहळू नये, मातीसाठी त्यांचंच चाक योग्य.

---

तापीचा_गाळ

फक्त १५ च्या खाली जाऊन वळण घेऊ नका, टायर रिमवरून उतरतो. आणि डांबरीला लागायच्या आधी परत भरा. आमच्याकडे मे महिन्यात रस्ता तव्यासारखा असतो, कमी हवेचा टायर तापून फुटतो. पंप गाडीत पाहिजेच.

---

लळिंगवारा

सर, दहा किलोचं मागे घेतो. मित्राची गाडी बघून आलो. त्याने ३३ इंची टायर टाकलेत. म्हणजे गिअरचाच खेळ होता.

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनासारखा बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनीसोबत वाद नको. कंपनीने त्या मॉडेलला जे माप दिलंय त्यातच राहा.

---

सुकीकाठ

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय. मधे केळीची कटाई होती.

आधी एक गंमत वाटावी असा पण माझ्यासाठी महत्त्वाचा आकडा. पाऊस पडून गेल्यावर मळ्यातून येऊन २८५ चं एक चाक चिखलासकट तोललं. ४६.९ किलो. साडेसहा किलो नुसती काळी माती, खाचांत आणि रिमच्या आत बसलेली. त्याच अवस्थेत हायवेला लागलो असतो तर स्टिअरिंग थरथरणारच होतं. मागे एकदा ते थरथरलं तेव्हा मी बॅलन्सिंगला पैसे देऊन आलो होतो. आता मळ्याच्या फाट्यावर पाण्याची नळी लावलीय, रिम आतून धुतल्याशिवाय डांबरीवर जात नाही.

टायरचा निर्णय. मूळ माप, २४५/७५ आर१६, मूळ लोखंडी रिमवर. पण ऑल-टेरेन (डांबरी आणि माती दोन्हींवर चालणारा) आणि जाड बगलेचा. दुकानात या वेळी छोटा काटा सोबत नेला. पहिल्यांदा दुकानदाराला नवल वाटलं, मग त्यानेच चार टायर काढून दिले. एकाच मापाच्या चार टायरांत साडेचार किलोपर्यंत फरक निघाला. घेतला तो २०.२ किलोचा. कंपनीच्या टायरपेक्षा तीन किलो जड आहे आणि ते तीन किलो मी जाणूनबुजून घेतले, कारण ते बगलेच्या जास्तीच्या थरांचे आहेत. पऱ्हाटीचा खुंट त्यानेच अडणार. रुंदीसाठी, रिमसाठी आणि दिसण्यासाठी मात्र एक किलोही वाढवला नाही. सोबत बगलेवरचा चार आकड्यांचा शिक्का बघून घ्या. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला आधी दाखवलेला एक टायर तीन वर्षं जुना होता.

चढ परत तिसऱ्या गिअरला होतो. मळ्यात शिरताना हवा २२ वर आणतो. उंचवट्याला गोळा घासू नये म्हणून चाकोरीत दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, ते काम खरं तर आधीच करायला हवं होतं. मुलीने परवा स्टेपनी उतरवून चाकाच्या जागी बोल्टांवर बसवली, ताईंच्या पहारीच्या युक्तीने, दुसऱ्यांदा प्रयत्न करून.

आमच्याकडे रविवारी कटाई नसते, काटा मोकळा असतो. ज्यांना आपलं चाक तोलून बघायचं असेल त्यांनी घेऊन या. आकडे इथेच लिहीत जाऊ. कोणतं माप, कोणती रिम, किती किलो.

---

पाटणादेवी_जिम्नी

या रविवारी येतो. जुनं आणि नवं, दोन्ही आणतो.

---

गिरणाथडी

मी ट्रॅक्टरचं पुढचं चाक आणलं तर चालेल का? पाणी भरलेलं मागचं तुमच्या काट्यावर मावणार नाही.

---

सुकीकाठ

आणा भाऊ. मागच्यासाठी जिनिंगचा भुईकाटा बघू.